बेडूकमासा मासा का नाही?

डबक्यात शेजारी शेजारी पोहणारी गप्पीची पिल्ले आणि बेडूकमासे वरून पाहिले तर सारखेच वाटतात. दोघांनाही शेपटी असते, दोघेही कल्ल्यांनी श्वास घेतात. मग एकाला मासा म्हणायचे आणि दुसऱ्याला नाही, ते कशाच्या आधारावर? बेडूकमासा पुढे बेडूक होतो, हे उत्तर चटकन सुचते. पण ते अपुरे आहे. उद्या काय होईल यावरून आज काय आहे ते ठरत नाही. न्यायदर्शनाने लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, दोष सांगितले आहेत, ते इथे उपयोगी पडतात. ‘कल्ले असलेला जलचर तो मासा’ म्हटले की बेडूकमासाही त्यात शिरतो, ही अतिव्याप्ती. ‘खवले असतील तो मासा’ म्हटले की बिनखवल्यांचा मागूर बाहेर राहतो, ही अव्याप्ती. बारकाईने पाहिले तर मात्र आजच्या देहातच भेद दिसतो. गप्पीच्या परांना आतून काट्यांचा आधार असतो आणि कल्ल्यांमागे परांची जोडी असते. बेडूकमाशाच्या शेपटीभोवतीच्या पातळ पडद्याला तसा आधार नसतो आणि ती जोडीही नसते.

यावर आक्षेप येईल की पाय तर नंतर फुटतात, मग बेडूकपण आधीपासून होते असे कसे म्हणावे? सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच असते, तर नैयायिक ते नवे उपजते असे मानतात. १९१२ साली गुडर्नाच या शास्त्रज्ञाने बेडूकमाशांना थायरॉइड ग्रंथी खाऊ घातली, तेव्हा त्यांचे रूपांतर वेळेआधीच सुरू झाले. म्हणजे बेडूकपण बाहेरून आले का? नाही, तोच आहार गप्पीला दिला तर तिचा बेडूक होत नाही. पाय नवे, हे नैयायिकांचे म्हणणे मान्य करावे. पण पाय फुटण्याची योग्यता त्या देहात आधीपासून असते. ग्रंथीतले द्रव्य निमित्तकारण, म्हणजे बदल घडवून आणणारे, आहे; ज्यातून पाय घडतात ते उपादान नव्हे. मेक्सिकोतला ॲक्सोलोटल हा प्राणी तर सहसा आयुष्यभर कल्ले राखतो आणि त्याच रूपात प्रजननही करतो. तरीही तो बेडकासारखा उभयचरच आहे. रूपांतर झाले नाही म्हणून तो मासा ठरत नाही. तेव्हा रूपांतर हा स्वभावाचा पुरावा आहे, त्याचे कारण नव्हे. कोणाचीही ओळख ठरवताना त्याचे राहण्याचे ठिकाण किंवा भवितव्य यांआधी त्याची आजची घडण नीट पाहावी.