यांच्यात म्हस न्हाई?

गारगोटीतल्या एका घराच्या सोप्यात चार वर्षांची मुलगी पालथी पडून पुस्तक वाचत होती. अक्षरओळख नव्हती; बोट चित्रांवरून फिरत होतं. एका पानावर ते थांबलं. ''ही बी आमच्या आज्जीगतच हाय!'' मग पुढची पानं शोधून तिनं विचारलं, ''यांच्यात म्हस न्हाई?''

पुस्तक माधुरी पुरंदरे यांचं होतं, 'राधाचं घर'. १९५२ साली जन्मलेल्या माधुरीताई जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या. पुढं फ्रान्समध्ये राहिल्या, पिकासोचं चरित्र मराठीत लिहिलं. एवढी तयारीची चित्रकार मुलांच्या पुस्तकांकडे वळली आणि लिहिणारा हात तोच चितारणाराही झाला. त्यामुळे त्यांचं चित्र मजकुराच्या मागं फरफटत येत नाही. शब्दांनी जे मोकळं सोडलं, ते चित्र बोलतं.

आमच्या पिढीला 'चांदोबा' मासिकानं राजवाडे दाखवले, वेताळ दाखवला. त्या अद्भुताचं ऋण मोठंच आहे. माधुरीताईंनी मात्र घर, शेजार, शाळा ही रोजची दुनिया चितारली. रोजचं जगणंही निरखून पाहण्याजोगं असतं, हा विश्वास त्यांनी मुलांना दिला. 'चित्रवाचन' या त्यांच्या पुस्तकाचं नावच सांगतं की चित्र नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं. २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला.

तरीही त्या मुलीचा प्रश्न उरतोच. राधाचं घर शहरातलं. तिथं गोठा कुठून येणार? हा चित्रकर्तीचा दोष नव्हे. जे जवळून पाहिलं ते त्यांनी प्रामाणिकपणे काढलं, आणि त्यांच्याकडून शिकायचं तेही हेच. त्यांची रेषा गिरवून त्यांचा वारसा चालणार नाही. त्यांनी आपलं घर जितक्या मायेनं निरखलं, तितक्याच मायेनं आपण वेदगंगेचा काठ, भाताची खाचरं, उसाच्या गाड्या निरखायला हव्यात.

गावाचं शिक्षण गावाच्या जगण्यातून उभं राहावं, या ध्यासानं शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईकांनी १९५२ मध्येच गारगोटीत मौनी विद्यापीठ उभारलं. इथं घडणाऱ्या शिक्षकांनी वर्गात आठवड्यातला एक तास चित्रं वाचायला आणि काढायला दिला, तर त्या ध्यासाला नवं बळ मिळेल.

त्या मुलीला हवी असलेली म्हैस पुण्या-मुंबईहून येणार नाही. ती रोज पहाटे धारेला बसणाऱ्या घरातल्याच कुणीतरी काढायला हवी.