आधी सोडायचं, मग आवळायचं

शिंक येणार असं वाटलं की काही बायका रुमाल शोधण्याआधी मांड्या जुळवतात. हसताना पायावर पाय टाकतात, लग्नाला निघताना पर्समध्ये जास्तीचे कपडे ठेवतात, प्रवास असला की सकाळपासून पाणी पीत नाहीत. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं: "बाळंतपणानंतर हे असं व्हायचंच." खोकताना, हसताना, वजन उचलताना लघवीचे थेंब सुटणं पुष्कळ बायकांच्या वाट्याला येतं, हे खरं. त्यावर इलाज नाही, हे खोटं. इलाज म्हणून जो सल्ला मिळतो तो मात्र एका शब्दात आटपतो: आवळा. शब्द बरोबर आहे, पण अर्धाच. उरलेला अर्धा श्वासात आहे.

पोट ही एक बंद खोली समजू. छत म्हणजे श्वासपटल, फुप्फुसांखालचा घुमटासारखा स्नायू. भिंती म्हणजे पोटाचे आणि कण्यालगतचे स्नायू. जमीन म्हणजे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू: पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत टांगलेली एक झोळी. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय या झोळीच्या आधाराने राहतात. श्वास आत घेतला की छत खाली येतं, पोट थोडं पुढे येतं आणि झोळी किंचित खाली झुकते. श्वास सोडला की छत वर जातं, झोळीही वर येते. मिनिटाला 12 ते 16 वेळा, झोपेतसुद्धा, छत आणि जमीन अशी जोडीने हलत असतात.

खोकला आला की खोलीतला दाब एकदम वाढतो. झोळी धडधाकट असेल तर दाब खाली पोचण्याआधीच ती आपसूक ताठ होते. बाळंतपणात ती ताणली गेली असेल, पाळी गेल्यावर सैलावली असेल, वर्षानुवर्षांच्या कुंथण्याने किंवा जुनाट खोकल्याने थकली असेल, तर तिची वेळ चुकते. तेवढ्या क्षणात थेंब सुटतो.

आता अशा बाईला कुणी नुसतं "आवळा" म्हटलं तर ती काय करते? श्वास रोखते, पोट आत खेचते, कुल्ले घट्ट करते. म्हणजे भिंती आत येतात, छत खाली अडकून राहतं आणि सगळा दाब जमिनीवर येतो. ज्या झोळीला वर उचलायचं, तिच्यावरच ओझं टाकलं जातं. शिवाय लहानपणापासून तिने ऐकलेलं असतं: पोट आत घे, नीट बस, घरी जाईपर्यंत धरून ठेव. काहींची झोळी दिवसभर अर्धवट आवळलेलीच राहते. मूठ आधीच मिटलेली असेल तर ती आणखी काय मिटणार? ती आधी उघडावी लागते.

म्हणून सुरुवात सोडण्याने. गुडघे वाकवून उताणं पडायचं, एक हात बरगड्यांवर, एक बेंबीखाली. नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. बरगड्या बाजूंना फुलू द्यायच्या, पोट वर येऊ द्यायचं, खालचा भाग मोकळा सोडायचा. मग गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायचा आणि फुंकर चालू असतानाच, वारा आणि लघवी दोन्ही थोपवल्यासारखी झोळी आत-वर उचलायची. मांड्या आणि कुल्ले सैलच. पुढचा श्वास घेताना ती पूर्ण सोडायची. हे सोडणंही व्यायामाचाच भाग आहे. लघवी करताना मध्येच धार थांबवण्याचा मात्र रोजचा व्यायाम करू नये.

या आवळण्याला वैद्यकात मान मिळवून दिला तो अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी, 1948 साली. आपण किती आवळतो हे बाईला काट्यावर दिसावं म्हणून त्यांनी दाब मोजणारं उपकरणही केलं होतं. आज ब्रिटनची 'नाइस' ही संस्था सांगते: निदान 3 महिने, दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचनं, तीही जाणकाराच्या देखरेखीखाली. नुसत्या दीर्घ श्वसनाने हे काम भागतं, असं सिद्ध झालेलं नाही. झोळीला बळ आवळण्यानेच येतं. श्वास त्या आवळण्याला दिशा आणि वेळ देतो.

श्वासाने पोटातला दाब बदलतो, हे आपल्याकडे मोजूनही पाहिलेलं आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था सुरू केली आणि उड्डियान-नौली या योगक्रियांच्या वेळी आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा खाली उतरतो, हे उपकरणांनी दाखवलं. कमी दाबाच्या त्या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंचं, माधवदासांचं नाव दिलं. श्वास पूर्ण सोडून बरगड्या वर उचलल्या की छत वर जातं आणि खोलीतला दाब उतरतो. गरोदर बाईने किंवा रक्तदाब, हर्निया असणारीने उड्डियान करायला जाऊ नये. इथे त्यातलं तत्त्व तेवढं घ्यायचं.

ते तत्त्व स्वयंपाकघरात उपयोगी पडतं. हंडा किंवा सिलिंडर उचलताना आपण सवयीने श्वास कोंडतो. त्याऐवजी आधी झोळी उचलायची, मग फुंकर घालत वजन उचलायचं. शिंक, खोकला येतोय असं कळताक्षणी झोळी आवळायची. हे नेमक्या वेळेचं आवळणं गळती कमी करू शकतं, हे अमेरिकेतल्या अभ्यासकांनी 1998 मध्ये दाखवलं.

लघवीची घाई अचानक होऊन बाथरूम गाठेपर्यंत कपडे ओले होत असतील तर तो वेगळा प्रकार, त्याचे उपाय थोडे निराळे. लघवीत रक्त किंवा जळजळ असेल, खाली काही उतरल्यासारखं वाटत असेल, तर आधी डॉक्टर. आणि पाणी तोडणं हा उपाय नव्हे. घट्ट लघवी मूत्राशयाला उलट चेतवते.

तीन महिने म्हणजे कमी नव्हेत. पण एक दिवस रांगणारं नातवंड हात पसरून समोर येतं, आजी खाली वाकते, आणि उचलताना तिच्या ओठांतून हलकी फुंकर निघते. त्या वेळी तिला मांड्या जुळवायची आठवणही राहत नाही.