गळका कॉक आणि अवयवीचा प्रश्न

एखाद्या वस्तूचा एक भाग काढून त्याच्या जागी दुसरा बसवला, तर ती वस्तू पूर्वीचीच राहते की नाही, हा भारतीय दर्शनांतील फार जुना प्रश्न आहे. तो केवळ तर्काच्या कसरतीसाठी विचारलेला नाही. कारण देह पालटत असताना कर्माचे फळ भोगणारा तोच असतो का, आणि देवळाचा चिरान् चिरा बदलल्यावर देव तोच राहतो का, हे धर्माच्या गाभ्याचे प्रश्न त्याला चिकटलेले आहेत. दर्शनकारांनी त्याच्या उलगड्यासाठी रथ, घट आणि पट, म्हणजे गाडी, मडके आणि कापड, अशी रोजच्या हाताळणीतील उदाहरणे घेतली. रथाच्या जागी आज एखादी जुनी मोटारसायकल ठेवली आणि तिचा गळका पेट्रोल कॉक बदलण्याचे काम जवळून पाहिले, तर त्या वादातील दोन्ही बाजूंचे बळ कळते आणि दोन्ही बाजूंकडून निसटलेली एक गोष्टही ध्यानात येते.

कॉक म्हणजे टाकीच्या बुडाशी बसवलेली पेट्रोलची तोटी. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोल टाकीतून आपल्याच वजनाने खाली उतरते, आणि ते केव्हा उतरू द्यायचे व केव्हा अडवायचे हे बहुतेक गाड्यांत या तोटीची चावी ठरवते. चावीच्या तीन जागा असतात: चालू, बंद आणि रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे वेगळा साठा, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पेट्रोल एकच असते, फक्त कॉकमधून टाकीत वर गेलेली एक उंच नळी आणि बुडालगतचे एक तोंड अशा त्याच्या दोन वाटा असतात, आणि पातळी उंच नळीच्या खाली गेल्यावर गाडी अडखळली की चावी फिरवून खालची वाट मोकळी केली जाते. चावीच्या मागे नाण्याएवढी, भोके असलेली रबरी चकती असते आणि एक लाटदार स्प्रिंग चावीला तिच्यावर सतत दाबून धरते. या तोटीचा सगळा निग्रह त्या चकतीच्या मऊपणावर उभा असतो. वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजून आणि गाडी उभी राहिली की वाळून ती कडक होते, आकसते, चावीच्या कडेने तिच्यावर बारीक गोल चर पडतो, आणि मग चावी बंदवर असूनही थेंब धरू लागतो. पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे रबर अशा मिश्रणासाठी घडवलेलेच नव्हते, ही अडचण वेगळीच.

या रथाचा दर्शनातील सर्वांत प्रसिद्ध पूर्वज ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात आढळतो. ग्रीक वंशाचा राजा मिलिंद, म्हणजे मिनँडर, रथातून आला असे सांगतो तेव्हा भिक्खू नागसेन त्याला विचारतो की आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का. आणि प्रत्येक वेळी नकार आल्यावर निष्कर्ष असा निघतो की भागांच्या आधाराने चालवलेल्या व्यवहारातील नावापलीकडे रथ नावाची वेगळी वस्तू नाही. अशा नाममात्र व्यवहाराला बौद्ध परिभाषेत प्रज्ञप्ती म्हणतात, आणि माणूसही पाच स्कंधांचा, म्हणजे शरीर-मनाच्या पाच राशींचा, असाच नाममात्र समूह आहे, हे नागसेनाला खरे तर सांगायचे आहे. या मताप्रमाणे कॉक बदलल्यावर गाडी तीच राहिली का, हा प्रश्नच गळून पडतो, कारण ‘ती’ मुळात नव्हतीच.

नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयव म्हणजे भाग आणि अवयवी म्हणजे त्या भागांत राहणारी, तरीही त्यांच्याहून वेगळी अशी पूर्ण वस्तू. आणि अवयवी अवयवांत ज्या अतूट संबंधाने राहतो त्याला समवाय म्हणतात. गौतमाच्या न्यायसूत्रांत यासाठी दिलेली एक युक्ती विलक्षण साधी आहे: वस्तूचा एक भाग धरून ओढला की सगळी वस्तू ओढली जाते, आणि ती नुसता परमाणूंचा ढीग असती तर हातात आला असता तेवढाच भाग. या युक्तीवर पुढे आक्षेपही आले. परंतु तिची खरी ताकद गाडी चालत असताना दिसते त्याहून गाडी बिघडली असताना अधिक दिसते, असे म्हणण्यास जागा आहे. कॉक गळू लागतो तेव्हा दोष त्या चकतीपुरता राहत नाही. बंदवर ठेवूनही पेट्रोल खाली उतरतच राहते. कार्बोरेटरमधील तरंगता फ्लोट आणि त्याची सुई यांनी ते अडवायचे असते, पण सुईही झिजलेली असेल तर ते ओसंडून जमिनीवर तरी येते किंवा इंजिनात तरी शिरते, प्लग भिजतो, चार-स्ट्रोक गाडीत ते ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ करते, आणि सकाळी किक मारणाऱ्याला दोष भलत्याच ठिकाणी आहे असे वाटते. नाण्याएवढ्या रबराचे दुखणे साऱ्या यंत्राला भोगावे लागते. ढिगातील एक दाणा किडला म्हणून उरलेला ढीग असा आजारी पडत नाही, आणि नुसते नाव तर नाहीच नाही. अवयवी सत्य आहे, हे नैयायिकांचे म्हणणे येथे मान्य करावे लागते.

मात्र हेच दर्शन पुढे जे सांगते ते पचवणे कठीण आहे. अवयवांचा संयोग हा अवयवीच्या कारणांपैकी एक असल्याने एक जरी भाग निघाला तरी तो संयोग तुटतो, जुना अवयवी नष्ट होतो आणि उरलेल्या भागांतून दुसराच उत्पन्न होतो. फाटलेले कापड हे पूर्वीचे कापड नव्हे, ते नवे लहान कापड होय. मग ‘ही तीच’ ही ओळख, जिला शास्त्रात प्रत्यभिज्ञा म्हणतात, कशी होते? दिव्याची ज्योत क्षणोक्षणी नवी असूनही सारखेपणामुळे ‘तीच ज्योत’ वाटते, तशी, असे उत्तर दिले जाते. या हिशेबाने कॉकचे बोल्ट ढिले होताच एक मोटारसायकल संपते आणि नवा कॉक आवळताच तिसरी जन्मते. तर्काला हे सुसंगत आहे. पण अवयवीचे सत्यत्व सिद्ध करण्यासाठी एवढा वाद घालून त्याला एका पान्याने मरणारा ठरवणे, ही त्या थोर परंपरेची कृपणता वाटते.

जैन विचारात अधिक ऐसपैस जागा आहे, कारण तेथे सत् वस्तू उत्पत्ती, नाश आणि ध्रुवता या तिन्हींनी युक्त मानली जाते. समंतभद्राने ‘आप्तमीमांसे’त दिलेले उदाहरण असे, की सोन्याचा घट मोडून मुकुट घडवला तर घट हवा असलेला शोक करतो, मुकुट हवा असलेला आनंदतो आणि सोने हवे असलेला उदासीन राहतो, आणि तिघांच्याही भावनेला वस्तूत आधार असतो. परंतु मोटारसायकलीत सर्वत्र टिकून राहणारे सोने कोणते? पोलाद, जस्त, रबर ही सारी परस्परांना परकी द्रव्ये आहेत. कायद्याने आपल्यापुरते उत्तर काढले आहे: सांगाड्यावर कोरलेला चासी क्रमांक म्हणजे गाडी, इंजिन बदलले तर नोंदणी पुस्तकात तशी नोंद करावी लागते, आणि कॉक बदलल्याची नोंद कोणी मागत नाही. व्यवहाराला ते पुरते, पण त्यात कारण सांगितलेले नाही.

कारणाचा माग जीर्णोद्धाराच्या शास्त्रात लागतो, आणि दर्शनाच्या अभ्यासकांनी त्याच्याकडे केवळ कर्मकांड म्हणून पाहिले हे दुर्दैव होय. आगम परंपरेत देवालयाचे किंवा मूर्तीचे काम काढण्यापूर्वी संकल्प केला जातो, मग कलाकर्षण नावाच्या विधीने देवतेचे सामर्थ्य मंत्रपूर्वक जलकुंभात घेतले जाते, बालालय म्हणजे तात्पुरत्या छोट्या देवघरात त्याची पूजा खंड न पडता चालू राहते, आणि काम पुरे झाल्यावर कुंभाभिषेकाने ते परत मूळ स्थानी येते. पुरीला जगन्नाथाच्या काष्ठमूर्तीच नव्या होतात, जसे १९९६ आणि २०१५ साली झाले, आणि जुन्या मूर्तीतील ब्रह्मपदार्थ नव्या मूर्तीत ठेवला जातो. वेरूळचे घृष्णेश्वर मंदिर अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात पुन्हा उभारले. ते नवे घृष्णेश्वर झाले असे कोणी भाविक म्हणत नाही.

कॉक बदलताना टाकीतले पेट्रोल आधी डब्यात काढून घेतात, आणि डबा पाहून जलकुंभाची आठवण होणे साहजिक आहे. पण साम्य तेथे नाही, पेट्रोल म्हणजे गाडीचा आत्मा नव्हे. साम्य संकल्पात आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी खोललेल्या आहेत असे समजावे, एक भंगारासाठी आणि दुसरी दुरुस्तीसाठी. दोन्हींची टाकी काढलेली, दोन्हींचे नट-बोल्ट ताटलीत, द्रव्यात आणि संयोगात कणाचाही फरक नाही. नैयायिकाला दोन्ही अवयवी नष्ट झालेले दिसतात आणि बौद्धाला दोन्ही ठिकाणी नुसते भाग दिसतात. तरीही पहिली गाडी संपलेली आहे आणि दुसरी संपलेली नाही, कारण दुसरीला पुन्हा पूर्ण करण्याचे कोणीतरी पत्करले आहे आणि मधल्या काळात तिचे गाडीपण त्या पत्करण्यात सांभाळले जात आहे, जसे बालालयात देवपण सांभाळले जाते.

यावर आक्षेप असा येईल की मग तादात्म्य, म्हणजे तेच-असणे, केवळ मनात राहिले आणि नागसेनच जिंकला. हा आक्षेप गंभीर आहे, आणि त्याचे उत्तर कामाच्या तपशिलातच मिळते. संकल्प एकट्याने पुरा पडत नाही. वस्तूने तो स्वीकारावा लागतो. म्हैसूरचा येझदी मोटारसायकलींचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा त्या गाड्यांना आज मिळणारा कॉक बहुधा दुसऱ्याच कोणाच्या हातचा असतो, आणि त्याच्या बोल्टांमधले अंतर किंवा आटे किंचितही चुकले तर बसवणाऱ्याच्या श्रद्धेने ते जुळत नाहीत. जुन्या पॅकिंगचा कण टाकीच्या तोंडाशी चिकटून राहिला, नळीवरची जाळी गंजाच्या भुकटीने भरली, किंवा बोल्टाखालचे वायसर जुनेच ठेवले, तर नवा कॉकही गळतो. आणि गळू नये म्हणून जोर लावून आवळला तर मऊ धातूतले आटे जातात. शास्त्रातही मूर्तीचे मुख्य अंग भंगले असता आणि उपांग दुखावले असता वेगवेगळे विधी सांगितले आहेत, म्हणजे काय जोडता येईल आणि काय विसर्जित करावे हे यजमानाच्या इच्छेवर सोडलेले नाही.

म्हणून जाणता माणूस कॉक बसवल्यावर टाकी एकदम भरत नाही. अर्धा-एक लिटर पेट्रोल ओततो, जोडावरून बोट फिरवून ओल लागते का पाहतो, चावी बंदवर ठेवून नळी कार्बोरेटरवरून सुटी करतो आणि तिच्या तोंडाकडे बघत थांबतो. आसपास वात किंवा ठिणगी नाही, एवढी खात्री त्याने आधीच केलेली असते. त्या थांबण्यात त्याचा संकल्प पुरा झालेला असतो, त्याच्या हातून होण्यासारखे काही उरलेले नसते, आणि नळीच्या काळ्या कडेवर थेंब जमतो की नाही, हे आता गाडीने सांगायचे असते.