पंप थांबल्यानंतर

न्यू जर्सीत ऑग्डेन्सबर्गला स्टर्लिंग हिल नावाची जस्ताची खाण आहे. 1986 साली ती बंद पडली, आज तिथे संग्रहालय आहे. एडिसन गावाच्या बाजूची मराठी मंडळी मुलाबाळांसह जातात ती बहुधा अतिनील दिव्याखाली हिरवे-तांबडे उजळणारे दगड पाहायला. माझा पाय मात्र अडतो दिवाघरात, कामगारांचे दिवे ठेवायच्या खोलीत. जुन्या खाणींत दिव्याची रिकामी जागा पाहिली की कोण अजून खाली आहे ते वरच्यांना कळायचे.

सह्याद्रीत गड चढून पाय तयार झालेल्या माणसाला अमेरिकेतली ओसाड खाण गडासारखीच वाटते. दोन्ही पडीकच की! पण गड बांधला तो पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून. बोगदा खोदला तो धातू संपेपर्यंत तग धरावा एवढ्यासाठी. कुजलेले टेकू बदला, पाणी उपसा, हवा खेळती ठेवा. कामाला लागण्याआधी पहारेने छत ठोकायचे आणि कान द्यायचा. खणखणीत वाजले तर ठीक; बद्द वाजले तर तो सैल दगड आपणच आधी पाडायचा. खाण उभी असते ती या राबणुकीवर. स्टर्लिंग हिलचे पंप थांबले आणि खालचे मजले पाण्यात गेले.

हवेचे प्रकरण त्याहून फसवे. बाहेर ऑक्सिजन 20.9 टक्के असतो, 19.5च्या खाली धोका धरतात. कुजणारे लाकूड आणि गंजणारी खनिजे तो मुकाट्याने खात असतात. श्वास कोंडल्याची जाणीव आपल्याला होते ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्याने; ऑक्सिजन नुसता घटला तर शरीर ओरडत नाही. माणूस बोलता बोलता कोसळतो, आणि त्याला उचलायला वाकलेला सोबतीही.

मार्च 2011 मध्ये नेवाडात एक तरुण मित्रांबरोबर पडीक खाणीकडे गेला आणि सुमारे 190 फूट खोल उभ्या विहिरीत पडला. कॅमेरा खाली सोडला तेव्हा तो श्वास घेताना दिसला. पण कडा ढासळत होत्या, उतरणाऱ्यांवर दगड येत होते. बचाव थांबवावा लागला. तिथेच तो गेला. वाचवणाऱ्यांचे धैर्य कमी पडले असे कुणी म्हणू नये. त्यांना पाय टेकायला भरवशाचा खडकच उरला नव्हता.

पश्चिमेकडे अशी भोके इतकी का, याचे एक कारण 1872चा खाणकायदा. सरकारी जमिनीवर खनिज शोधा, हक्क सांगा, खणा. काम संपल्यावर भोक बुजवा, असे मात्र त्यात कुठे नव्हते.

पडीक खाणींचा नाद लागलेल्या नवशिक्याने आत कसे जावे, याचे माझे उत्तर अनेकांना मिळमिळीत वाटेल: जिथे छत ठोकणारे कुणी अजून आहे, तिथेच. ॲरिझोनातल्या बिस्बीची क्वीन खाण, पेनसिल्व्हेनियात स्क्रँटनची कोळसाखाण. तिथल्या वाटाड्यांना खोदून खोदून विचारावे. टेकू कुठे चेपतो? आतल्या विहिरीवर टाकलेल्या फळ्या धुळीखाली कशा लपतात? हे कळू लागले की पडीक खाणीचे तोंड बाहेरून वाचता येते, आणि ते वाचणेही शोधच आहे.

काही तोंडांवर आडव्या गजांची दारे दिसतात. वटवाघळांनी जावे-यावे, माणसाने नाही, अशा बेताने गजांत फट ठेवलेली असते. 2006मध्ये न्यूयॉर्क राज्यात प्रथम आढळलेल्या बुरशीच्या रोगाने त्यांचे थवेच्या थवे मेले. तिचे कण माणसाच्या बुटांवरूनही पसरू शकतात. तरी हौसेपायी हे गज कापणारे भेटतात. त्यांना शोधक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.