शब्दाचे शेजार आणि देवाचे नाम

शब्द आणि अर्थ यांचा संबंध स्वाभाविक आहे की माणसाच्या ठरावावर उभा आहे, हा भारतीय तत्त्वचिंतनातील एक जुना वाद आहे. मीमांसकांनी हा संबंध नित्य, म्हणजे कोणीही निर्माण न केलेला मानला, कारण वेद अपौरुषेय म्हणायचा तर त्यातील शब्दांना अर्थ नेमून देणारा पुरुष कल्पून चालत नाही; नैयायिकांनी त्याला संकेत म्हटले, म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा असा ठराव. फ्रेंच शब्दासमोर इंग्रजी प्रतिशब्द आणि त्यासमोर मराठी प्रतिशब्द मांडू लागले की हा वाद पोथीतून बाहेर पडून रोजच्या व्यवहारात येतो, आणि देवाधर्माचे शब्द आले की त्याला धार चढते.

फेर्दिनां द सोस्यूर या भाषाशास्त्रज्ञाची व्याख्याने त्याच्या मृत्यूनंतर १९१६ मध्ये ग्रंथरूपाने आली. त्याचा डॉक्टरेटचा प्रबंध संस्कृतातील षष्ठीच्या एका रचनेवर होता, हे विसरता कामा नये. फ्रेंच 'मूतों' आणि इंग्रजी 'शीप' यांचा निर्देश एकच असला तरी मोल एक नाही, असे त्याने दाखवले. इंग्रजीत जिवंत मेंढीला एक शब्द आणि ताटातल्या मांसाला 'मटन' हा दुसरा, तर फ्रेंचमध्ये दोन्हींना 'मूतों' पुरतो. म्हणून 'शीप'ची सीमा त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या शब्दाने आखली आहे. १०६६ नंतर नॉर्मन राज्यकर्त्यांबरोबर इंग्लंडात शिरलेला हाच फ्रेंच शब्द पुढे इंग्रजीतून मराठीत आला, आणि आज बागलाणात मोसम नदीकाठच्या नामपूरच्या बाजारातही 'मटण' म्हटले की प्रायः बोकडाचे मांस समजले जाते. मेंढी निघून गेली, शब्द राहिला. मीमांसकांच्या नित्यसंबंधाला लौकिक शब्दांपुरते तरी याचे उत्तर देणे अवघड आहे.

खाद्यपदार्थाच्या बाबतीत असे सरकणे निरुपद्रवी असते, देवळाच्या बाबतीत नसते. १६६६ च्या सुमारास ज्याँ द तेव्हनो हा फ्रेंच प्रवासी सुरतेहून औरंगाबादेकडे जाताना पिंपळनेर, ताहाराबाद, सटाणे या वाटेने, म्हणजे नामपूरच्या अगदी जवळून गेला. त्या काळच्या फ्रेंच आणि इंग्रज प्रवाशांच्या लेखनात 'पागोद' हा पोर्तुगीजांकडून उचललेला शब्द देऊळ, देवळातील मूर्ती आणि दक्षिणेतील सोन्याचे नाणे अशा तिन्ही गोष्टींना लावलेला आढळतो. देव, देवाचे घर आणि पैसा एकाच शब्दात कोंबले गेल्यावर मूर्तीत देव पाहणे आणि मूर्तीलाच देव मानणे यांत भेद असू शकतो, हा विचार त्या भाषेत मांडायला जागाच उरत नाही. त्या प्रवाशांचा दोष दृष्टीचा होता तितकाच शब्दांच्या तुटवड्याचाही होता.

शेजारच्या शब्दांवरून अर्थ ठरतो, ही कल्पना बौद्ध नैयायिक दिङ्नाग याने 'प्रमाणसमुच्चया'त अपोह या नावाने फार आधी मांडली होती. अपोह म्हणजे वगळणे. 'गाय' हा शब्द गायीचे कोणते सामान्य तत्त्व सांगत नाही, तो फक्त गाय नसलेल्या सर्वांना बाजूला सारतो. जी गायच ठाऊक नाही तिच्यावाचूनचे इतर कसे ओळखायचे, हा कुमारिल भट्टाचा आक्षेप आजही वजनदार आहे. तरीही ज्ञानेश्वरांच्या 'अमृतानुभवा'चे पाचवे प्रकरण वाचताना अपोहाची आठवण अटळ होते, कारण तेथे सत्, चित् आणि आनंद ही तीन पदे आत्म्याचे वर्णन करत नाहीत, ती अनुक्रमे असत्, जड आणि दुःख यांची व्यावृत्ती करतात आणि काम झाले की मागे सरतात, असा विचार आहे. सहाव्या प्रकरणात तर शब्दाचेच खंडन आहे: शब्द आठवण करून देतो हे खरे, पण ज्याला विसर पडणेच शक्य नाही त्याला तो कशाची आठवण देणार?

येथे फ्रेंच 'कोंस्याँस' हा शब्द उद्बोधक ठरतो. त्यात जाणीव आणि सदसद्विवेकबुद्धी असे दोन्ही अर्थ नांदतात. इंग्रजीने त्यांसाठी दोन वेगळे शब्द केले. १७०० मध्ये जॉन लॉकचा मानवी आकलनावरील ग्रंथ फ्रेंचमध्ये आणताना पिएर कोस्त याला निव्वळ जाणिवेसाठी शब्द सापडेना, तेव्हा त्याने तोच शब्द मध्ये जोडरेघ घालून तोडला आणि तळटिपेत त्याचे समर्थन केले. वेदान्तातील साक्षी, म्हणजे केवळ पाहणारे आणि निवाडा न करणारे चैतन्य, फ्रेंचमध्ये नेणाऱ्याला हीच अडचण येईल, कारण पाहणाऱ्यामागे दोष देणारा लगेच उभा राहतो.

मराठी संतवाङ्मयाच्या अनुवादात हा प्रश्न सर्वांत खोल जातो. निकोल मॅक्निकोल यांनी १९१९ मध्ये इंग्रजीत आणलेल्या संतरचनांना आणि गी देल्यूरी या येशूसंघीय अभ्यासकाने १९५६ मध्ये फ्रेंचमध्ये आणलेल्या तुकारामांच्या अभंगांना, दोघांनीही बायबलमधील स्तोत्रांचेच नाव दिले. देल्यूरींच्या मथळ्यात वारकऱ्यासाठी 'पेलरँ' हा शब्द आहे. 'पेलरँ' आणि इंग्रजी 'पिल्ग्रिम' दोन्ही ज्या लॅटिन शब्दातून आले त्याचा अर्थ परका, परदेशी. ख्रिस्ती विचारात हे शोभते, कारण तेथे माणूस या जगात परका आहे आणि त्याचे घर पलीकडे आहे. वारकरी मात्र पंढरीला माहेर म्हणतो, आणि वारी या शब्दातच पुन्हा पुन्हा जाणे आहे. पौष वद्य एकादशीला निवृत्तीनाथांच्या यात्रेसाठी नाशिक जिल्ह्यातून त्र्यंबकेश्वरी पायी निघणाऱ्या दिंड्यांतले लोक कोठेही परके म्हणून चाललेले नसतात. फ्रेंच आणि इंग्रजी शब्द एकमेकांशी तंतोतंत जुळतात आणि तरीही दोन्ही एकाच जागी चुकतात. प्रतिशब्द अचूक असणे म्हणजे अर्थ पोचणे नव्हे, याचे याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

याच अनुवादांत विठ्ठल आणि हरी ही नामे मात्र तशीच राहतात. विशेषनाम भाषांतरित होत नाही हे त्याचे व्याकरणातील कारण. वारकरी विचारातील कारण निराळे आहे. नाम आणि नामी यांचा अभेद मानला की नामाला शेजार उरत नाही, ते काही वगळून अर्थवान होत नाही. 'अमृतानुभवा'त शब्दाचे खंडन करणाऱ्या ज्ञानेश्वरांच्याच नावावर परंपरा नामाचा महिमा गाणारा हरिपाठ देते, यात विसंगती दिसते ती शब्द आणि नाम एकच समजल्यामुळे: खंडन सांगणाऱ्या शब्दाचे आहे, नाम काही सांगतच नाही. शार्लोत व्होदव्हिल यांनी १९६९ मध्ये हरिपाठाचा फ्रेंच अनुवाद केला तेव्हा मथळ्यासाठी आवाहन या अर्थाचा शब्द निवडला, आणि वर्णनापेक्षा हाकेला महत्त्व देण्यात त्यांची जाण निःसंशय दिसते. परंतु हाक दूर असलेल्याला मारली जाते आणि अभेदात दूरपण नाही. उलट 'पाठ'साठी केवळ पठणवाचक शब्द घेतला तर ज्याला उद्देशून म्हणायचे तोच नाहीसा होतो. हरिपाठात हाक आहे आणि अंतर नाही, आणि हे दोन्ही एकत्र धरणारा एक शब्द फ्रेंचमध्ये नाही, इंग्रजीतही नाही.