उरलेले सामने

खेळाच्या नियमावलीत बहुतेक संकटांची तरतूद केलेली असते. पाऊस कोसळला, प्रतिपक्ष वेळेवर आला नाही, दिवे गेले, प्रेक्षक मैदानात घुसले, तर काय करावे हे कलमवार लिहिलेले सापडते. परंतु हंगाम संपत आलेला असताना गुणतक्त्यावर सर्वांत वर असलेला संघच एका रात्रीत मृत्यूच्या मुखात गेला, तर त्याच्या नावापुढे लिहिलेल्या गुणांचे काय करावयाचे, आणि उरलेले सामने कोणी खेळावयाचे? ह्याचे उत्तर नियमावलीत शोधणे व्यर्थ आहे, कारण हा प्रश्न मुळात खेळाचा नव्हेच. मृतांचे आपण काय देणे लागतो, हा तो प्रश्न होय. पेरू देशाच्या १९८७ च्या फुटबॉल हंगामाने तो इतक्या उघड्या रूपात मांडला की, त्या दूरदेशीच्या स्पर्धेशी काडीचाही संबंध नसताना तिचा विचार आमच्या मनातून जात नाही.

हकीकत अशी. पेरूची पहिल्या श्रेणीची स्पर्धा पूर्वी लिमा ही राजधानी आणि तिला लागून असलेले कायाओ बंदर एवढ्यांतच आटोपत असे. १९६६ पासून ती साऱ्या देशातील संघांसाठी खुली झाली आणि तिला ‘देस्सेंत्रालिसादो’, म्हणजे विकेंद्रित, असे नाव मिळाले. विकेंद्रीकरण हा शब्द आपल्या कचेऱ्यांतही फार लाडका आहे. पण पेरूत त्याचा अर्थ नकाशावर पाहावा लागतो. पश्चिमेस समुद्र, मध्ये अँडीज पर्वताची भिंत, आणि पलीकडे अॅमेझॉनचे अरण्य. उकायाली नदीच्या काठचे पुकाल्पा हे शहर त्या अरण्यात आहे. लिमाच्या संघाने तेथे जाऊन खेळावे आणि पुढच्या सामन्यासाठी वेळेवर परतावे, तर विमानावाचून सोय नाही.

८ डिसेंबर १९८७ रोजी अलियान्सा लिमा हा संघ तेथे देपोर्तिव्हो पुकाल्पाशी खेळला व एका गोलाने जिंकला. प्रवासासाठी नौदलाचे एक फॉकर विमान भाड्याने घेतले होते. रात्री लिमाजवळ आल्यावर उतरण्याची चाके नीट खाली आली आहेत की नाहीत, ह्याविषयी वैमानिकाला शंका आली; दर्शक दिवा खात्री देईना. विमान मनोऱ्याजवळून नेऊन खालच्या लोकांकडून पाहून घेतले, तेव्हा चाके खाली असल्याचे उत्तर मिळाले. पुन्हा वळसा घेऊन उतरावयास येताना ते वेंतानियाजवळच्या समुद्रात कोसळले. आत ४४ माणसे होती. एकटा वैमानिक वाचला.

अलियान्सा हा कोणता संघ, हे कळल्यावाचून लिमाचे दुःख कळावयाचे नाही. १९०१ साली स्थापन झालेला हा संघ, ला व्हिक्तोरिया ह्या कष्टकऱ्यांच्या वस्तीचा. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांना ज्या समाजात फारशी प्रतिष्ठा नव्हती, तेथे ती ह्या संघाने मिळवून दिली. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा त्यांचा अंगरखा ऑक्टोबर महिन्यात जांभळा होतो, कारण तो महिना ‘चमत्कारांच्या प्रभू’च्या मिरवणुकीचा, म्हणजे देव आणि खेळ ह्यांत तेथे फार अंतर ठेवलेले नाही. १९८७ च्या संघात कोवळी मुले पुष्कळ होती, म्हणून लोक त्यांना लाडाने ‘शिंगरे’ म्हणत. त्यांना शिकवणारे मार्कोस काल्देरॉन हे मात्र मुरलेले गृहस्थ होते. १९७५ साली पेरूने दक्षिण अमेरिकेचे अजिंक्यपद जिंकले ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. तेही त्या विमानात होते. आणि अलियान्साचा परंपरागत प्रतिस्पर्धी म्हणजे युनिव्हर्सितारियो, १९२४ साली विद्यार्थ्यांनी स्थापिलेला संघ. कलकत्त्यास बदलीवर राहिलेल्या वाचकांना अशा वैराची कल्पना देण्याची गरज नाही.

हंगाम थांबला नाही. अलियान्साने आपली लहान मुले मैदानात उतरवली. पेरूचा सर्वांत नामांकित खेळाडू तेओफिलो क्युबियास, ज्याने विश्वचषकाच्या सामन्यांत दहा गोल केले होते, तो ३८ वर्षांचा होता आणि निवृत्त झाला होता. तो आपल्या जुन्या संघासाठी परत आला. चिलीतील कोलो-कोलो ह्या संघाने आपले चार खेळाडू उसने दिले. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. १८७९ ते १८८३ च्या युद्धात चिलीच्या सैन्याने लिमा शहर दोन वर्षांहून अधिक काळ ताब्यात ठेवले होते, आणि पेरूच्या शाळांतून ते अजून विसरले जात नाही. त्या चिलीची मुले लिमाच्या वस्तीतला अंगरखा घालून उभी राहिली.

अखेर विजेतेपद कोणाला मिळाले? युनिव्हर्सितारियोला.

येथे कोमल अंतःकरणाचा माणूस अस्वस्थ होतो. इटलीत असे झाले नव्हते, हे त्याला आठवते. ४ मे १९४९ रोजी तोरिनोचा सारा संघ लिस्बनहून परतताना सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून मरण पावला, तेव्हा चार सामने उरले होते. तोरिनोने मुलांचा संघ उतरवला, आणि समोरच्या चारही संघांनीही आपापली मुलेच उतरवली. विजेतेपद तोरिनोकडे राहिले. पुढे २०१६ च्या नोव्हेंबरात ब्राझीलचा शापेकोएन्से हा संघ मेदेयिन शहरी अंतिम सामना खेळावयास जात असता विमान कोसळून त्याचा असाच संहार झाला. तेव्हा ज्यांच्याशी तो सामना व्हावयाचा होता त्या अत्लेतिको नॅसिओनालने स्वतः होऊन विनंती केली की, चषक त्यांनाच द्यावा, आणि तो दिला गेला. मग लिमातच का नाही?

आम्हांस असे वाटते की, ह्या तिन्ही गोष्टी एका मापाने मोजण्यात चूक होते. मेदेयिनचा चषक ही एका प्रतिपक्षाने आपल्या हक्कातून दिलेली देणगी होती. जो स्वतः सोडतो त्याचे सोडणे शोभते. दुसऱ्याने त्याच्याकडून सोडवून घेतले तर तो कर होतो. तोरिनोच्या बाबतीत मुलांनी मुलांशी खेळून सामने खरे ठेवले. आणि लिमात? तेथे उरलेले सामने पूर्ण अर्थाने सामने राहिले. प्रतिपक्षाने दयेने पाय आवरून खेळावे, ह्यापेक्षा मोठा अपमान ला व्हिक्तोरियाच्या मुलांचा झाला नसता. मेलेल्या सोबत्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या पोराला हरवणे हे निष्ठुर वाटेल; परंतु त्याला खोटे जिंकू देणे म्हणजे तू त्यांच्या जागी नाहीस असे त्याला सांगणे होय. त्याच्याशी जीव तोडून खेळणारा प्रतिस्पर्धी त्याला निदान त्या जागेचा वारस मानतो.

पण वारस म्हणजे कोण? ज्यांनी ते गुण मिळवले ते समुद्रात गेले. मग जी मुले, जे निवृत्त, जे उसने आणलेले मैदानात आले, तो अलियान्साच संघ कसा? मिलिंद राजाला नागसेनाने विचारले होते की, महाराज, आपण रथातून आलात, तर दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ? चाके? राजा नाही नाही म्हणत गेला, आणि शेवटी रथ हे एक नाव तेवढे उरले. ह्या संवादाचा उपयोग पुष्कळ लोक नाव हे मिथ्या आहे असे दाखवण्यासाठी करतात. सरकारी नोकरीत काही वर्षे घालवलेल्या माणसाला मात्र त्यातून उलटेच शिकावयास मिळते. आपण नव्या गावी रुजू होतो, एका टेबलाशी बसतो, आणि ज्याला कधी पाहिले नाही अशा पूर्वाधिकाऱ्याने दिलेल्या वचनाला पत्राने उत्तर देतो: ‘ह्या कार्यालयाने कळविल्याप्रमाणे’. कळविले त्याने, बांधले गेलो आपण. दांडी बदलली, आस बदलला, चाके बदलली. पण रथावर लादलेले ओझे पोचवावयाचे राहतेच. नाव मिथ्या असेल, त्याच्यावरचे देणे मिथ्या नसते. अलियान्साच्या मुलांनी मृतांचे गुण वारशाने घेतले ते ह्याच न्यायाने, आणि त्यांबरोबर उरलेले सामने हरण्याची शक्यताही घेतली. कोणी कुरकुर केली असती तरी ती समजण्यासारखी होती.

हाच न्याय दुसऱ्या पक्षाला लावून पाहू. कारण ह्या हंगामात दोन वारस होते, आणि लोक एकाच्याच विषयी बोलतात. दुसरा वारस म्हणजे पेरूचे नौदल. विमान त्यांचे, वैमानिक त्यांचा. त्यांनी चौकशी केली, अहवाल लिहिला, आणि तो बंद करून ठेवला. मृतांच्या आप्तांना तो मिळाला नाही. विषय गोपनीय, एवढेच उत्तर. ज्या देशात १९८० पासून सशस्त्र बंडखोरी आणि लष्करी दडपणूक ह्यांच्यात माणसे भरडली जात होती, आणि ज्या कालखंडातील बळींची संख्या सत्यशोधन आयोगाने २००३ साली सुमारे ६९,००० धरली, त्या देशात बंद कागदाचा अर्थ लोक काय लावणार? अफवा उठल्या. विमानात अमली पदार्थ होते, खेळाडूंनी ते पाहिले, म्हणून त्यांना संपवले, असेही लोक बोलू लागले. पुरावा काही नव्हता. पण ज्याला खरे सांगितले जात नाही त्याने खोट्यावर विश्वास ठेवू नये, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार सांगणाऱ्यालाही उरत नाही.

२००६ साली तो अहवाल पत्रकारांच्या हाती लागला. त्यात कट नव्हता. रात्रीच्या उड्डाणाचा वैमानिकास पुरेसा अनुभव नव्हता. चाकांविषयीच्या अडचणीत काय करावयाचे त्या सूचना त्याने चुकीच्या समजून घेतल्या. आणि विमानाची यांत्रिक स्थिती चांगली नव्हती. एवढेच. म्हणजे लपवण्यासारखे जे होते ते पाप नसून गलथानपणा होता, आणि गलथानपणा लपवण्यासाठीच कचेऱ्या सर्वांत जास्त कष्ट घेतात, हे आपल्यापैकी कोणास सांगावे लागेल? दोषाची कबुली दिली तर खात्याचे नाव जाते, अशी समजूत असते. त्या जवळजवळ एकोणीस वर्षांत नौदलाच्या त्या कपाटाच्या किल्ल्या कितीतरी हातांतून गेल्या असतील. त्यांतील बहुतेकांनी ते विमान पाहिलेही नसेल. प्रत्येकाला म्हणता आले असते की, हे माझ्या काळातले नव्हे. आणि तरी कार्यभार घेताना त्याने तो बंद लिफाफाही घेतला होता.

मृतांना चषक द्यावा की न द्यावा, ह्यावर वाद घालता येतो, आणि आम्ही वर घातला आहे. सुज्ञ वाचकाचे मत वेगळे असू शकेल. पण ते कसे मेले हे त्यांच्या आईबापांना सांगावे की न सांगावे, ह्यावर वाद संभवत नाही. आम्हांस खेद ह्याचा वाटतो की, साऱ्या जगाच्या सहानुभूतीचा ओघ पहिल्या प्रश्नाकडे वळला. चिलीतून खेळाडू आले, निवृत्त झालेले परतले, वस्तीत भिंतीभिंतींवर शिंगरांची चित्रे निघाली. हे सर्व सुंदर होते, आणि ते करणाऱ्यांपैकी कोणाच्याही हाती त्या कपाटाची किल्ली नव्हती. ज्यांच्या हाती होती त्यांना काही उसने द्यावयाचे नव्हते, मैदानात उतरून हरावयाचेही नव्हते. एक कागद टंकलिखित करून पाठवावयाचा होता.

अलियान्साला विजेतेपद पुन्हा मिळावयास वेळ लागला. १९७८ नंतर ते १९९७ साली आले, आणि त्या रात्री ला व्हिक्तोरियात शिंगरांची नावे घेतली गेली असणार. अहवाल त्यानंतर आणखी नऊ वर्षे कपाटात होता.