राजनिष्ठा आणि सदसद्विवेक

‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव आपण आदराने घेतो. १५७९ साली ते गोव्यास आले. परंतु ज्या इंग्लंडमधून ते निघाले, तेथे त्यांच्या धर्मबांधवांची काय अवस्था होती, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनी कॅथलिक श्रद्धेपायी सुमारे तीस वर्षे कारावास भोगला. त्यांचे समकालीन येशूसंघीय एडमंड कॅम्पियन यांना १ डिसेंबर १५८१ रोजी लंडनमधील टायबर्न येथे देहदंड देण्यात आला. आरोप होता राजद्रोहाचा.

राजाचा धर्म नाकारणे म्हणजे राजालाच नाकारणे होय काय?

१५५९ च्या कायद्यांनी राणी एलिझाबेथ इंग्लंडच्या चर्चची सर्वोच्च अधिकारी ठरली आणि पवित्र मिस्सेवर बंदी आली. १५७० साली पोप पाचवे पायस यांनी आज्ञापत्र काढून राणीला बहिष्कृत केले व प्रजेला तिच्या आज्ञापालनातून मुक्त केले. राणीने श्रद्धेवर अतिक्रमण केले होते हे खरे. परंतु या आज्ञापत्राने तिच्या मंत्र्यांच्या हाती आयतेच शस्त्र पडले. निमूटपणे आपली श्रद्धा जपणारा साधा प्रापंचिकही आता संशयित झाला. १५८५ पासून परदेशात दीक्षा घेतलेल्या इंग्रज धर्मगुरूने मायदेशी पाऊल ठेवणे हाच राजद्रोह ठरला, आणि त्याला आसरा देणाऱ्यासही मृत्युदंड. यॉर्क येथील एका खाटकाची पत्नी मार्गारेट क्लिदरो हिच्यावर असाच आरोप आला. खटला चालला तर आपल्याच मुलांना साक्ष द्यावी लागेल, म्हणून तिने न्यायालयास उत्तर देण्याचे नाकारले. १५८६ साली तिला वजनाखाली चिरडून मारण्यात आले.

कैदेतील धर्मगुरूंना विचारले जाई : पोपने सैन्य धाडले तर तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहाल? न घडलेल्या कृत्यासाठी मनुष्याच्या अंतःकरणाची झडती घेणे हा न्याय नव्हे. तथापि, राज्यकर्त्यांची भीती सर्वस्वी निराधार होती, असेही म्हणवत नाही. १५६९ मध्ये उत्तरेकडील कॅथलिक सरदारांनी बंड केले होते. पुढे १६०५ साली, जेम्स राजाच्या काळात, काही कॅथलिकांनी राजासह पार्लमेंट सुरुंगाच्या दारूने उडवून देण्याचा कट रचला.

येथे एक भेद स्पष्ट करावा लागतो. कॅम्पियन यांनी एलिझाबेथला आपली राणी मानले व वधस्तंभाखालीही तिच्यासाठी प्रार्थना केली. मात्र देवाचे जे आहे ते तिला देण्यास ते तयार नव्हते. आज्ञाभंगाची किंमत त्यांनी स्वतः मोजली. कट करणारे ती इतरांच्या प्राणांनी चुकती करू पाहत होते. पहिला सदसद्विवेकाचा मार्ग, दुसरा सत्तेचा. ख्रिस्तसभेने पाचवे पायस यांना १७१२ मध्ये आणि कॅम्पियन यांना १९७० मध्ये संत म्हणून घोषित केले. संतपद म्हणजे त्या व्यक्तीच्या प्रत्येक राजकीय निर्णयावर उमटलेली मोहोर नव्हे, हे यावरून उमजावे.

वाचकहो, आत्मपरीक्षणही हवे. एलिझाबेथपूर्वी कॅथलिक राणी मेरीच्या कारकिर्दीत सुमारे २८० प्रॉटेस्टंटांना जाळण्यात आले. आणि ज्या गोव्यात स्टीफन्स उतरले, तेथे १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन होते. मायदेशी जो छळ आपल्या लोकांनी सोसला, तोच येथे कॅथलिक सत्तेच्या नावाने इतरांच्या वाट्यास येत होता. धर्मस्वातंत्र्य हा मानवी प्रतिष्ठेतूनच उद्भवणारा हक्क आहे, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. या उद्गारापर्यंत पोहोचण्यास दोन्ही बाजूंचे फार रक्त सांडावे लागले.

‘तू नेमका कोणाचा?’ हा प्रश्न कॅम्पियन यांच्याबरोबर संपला नाही. तो आपल्याला विचारला गेला तर आपण दुखावतो. मग तोच प्रश्न परधर्मीय शेजाऱ्याला विचारला जाताना आपण गप्प का राहावे? हुतात्म्यांचा सण साजरा करणाऱ्यांनी याचे उत्तर स्वतःपाशी तरी द्यावयास हवे.